बाजेवरची शेळी

चांगुणाने केरसुणीतली एक काडी उपटली आणि करडाच्या नाकपुडीत हळूच फिरवली. करडू तिच्या मांडीवर ओल्या चिंधीसारखं पडलं होतं. काही झालं नाही. तिने दुसऱ्या नाकपुडीत काडी घातली. करडाचं अंग आकसलं, मान वर झाली आणि ते शिंकलं. नाकातोंडातून चिकट पाण्याची तार सुटून तिच्या लुगड्यावर पडली.

"आलं माघारी," ती म्हणाली आणि गोणपाटाच्या तुकड्याने त्याला खसाखसा पुसू लागली.

ओट्यावर बसलेल्या कोंडिबाने रोखून धरलेला श्वास सोडला.

"येतंय न्हाई तर जातंय कुठं," तो म्हणाला. जणू काडी त्यानेच फिरवली होती.

चांगुणा हसली, पण मान खाली घालून. सासऱ्याची ही सवय तिला माहीत होती. ती केडगावकडच्या एका खेड्यातून सून म्हणून या घरात आली, तेव्हा दावणीला एकच शेळी होती आणि तीही दर वेताला एखादं करडू गमवायची. आता कुडाच्या आत उभं राहायला जागा नव्हती. कोंडिबाचा मुलगा चांगदेव दौंडला रेल्वेच्या गँगमध्ये होता, सुटी मिळाली की यायचा. शेळ्यांचं सगळं चांगुणाच बघायची. कुणाचं करडू उभं राहत नाही, कुणाचं हगवणीने गळाठलंय, कुणाची शेळी पिल्लाला जवळ घेत नाही, असं काही झालं की माणसं पाटीत घालून, पदराखाली झाकून करडं आणायची. धनगर कोकरं आणायचे. मागच्या महिन्यात तर तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात कुणीतरी नाव सांगितलं म्हणून एक अनोळखी बाई पत्ता विचारत आली होती.

येणाऱ्या प्रत्येकाला आधी कोंडिबाला ओलांडावं लागे. तो मुद्दाम वाटेवरच बसायचा. कवा व्याली? चीक पाजला का? नाळ ओली हाय का वाळली? हे सगळे प्रश्न त्याने सुनेच्याच तोंडून ऐकलेले होते, पण विचारायचा मात्र असे, की समोरच्याला वाटावं, मोठा जाणता इथेच बसलाय. मग आत हाक मारायचा, "चांगुणा, बघ गं जरा." ती येऊन तेच प्रश्न परत विचारायची. पण मामंजींचं विचारून होईपर्यंत कधी बाहेर यायची नाही.

त्या सकाळी ओढ्याकडून सायकल आली ती हौसरावआप्पांच्या गड्याची, खंडूची. सायकल पुरती उभी राहायच्या आतच तो बोलायला लागला.

"आबा, चांगुणावैनीला धाडा बिगीनं. आप्पांची शेळी आडलीया."

"कुठल्या आप्पांची?" कोंडिबाने विचारलं. गावात आप्पा एकच होते, हे त्यालाही ठाऊक होतं.

"आसं काय करताय आबा. एक पाय भाईर आलाय, म्होरं काय सरकंना. डाक्टर लस टोचायला नदीपल्याडच्या गावास्नी गेल्यात. आप्पांच्या नातवाला गाईचं दूध पचत न्हाई, आन् आईला दूध न्हाई. आदीची शेळी आटल्यापास्नं पोरगं निस्तं वाळत चाललंय. हिच्या व्याण्याची वाट बघत व्हती सगळी. आन् आता ही अशी आडून बसली."

चांगुणाने करडू आईच्या तोंडापाशी ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि बादलीत कोपरापर्यंत हात धुवायला घेतले.

"कुठं निघालीस?" कोंडिबा म्हणाला.

"ऐकलं न्हाई का? पाय भाईर आलाय."

"थांब."

ती थांबली. हातावरून पाणी निथळत होतं.

हौसरावांच्या गोठ्याला मागून एक दार होतं. कोंडिबाचा आजा त्या दारातून आत गेला होता, बाप गेला होता आणि तरुणपणी तो स्वतः गेला होता. पण जायचं ते जनावर मेलं की. पायाला दोर बांधायचा आणि गावाच्या कडेकडेने ओढत न्यायचं. जित्या जनावरासाठी त्या घरातून कधी बोलावणं आलं नव्हतं. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यावर ओढ्याअलीकडच्या वस्तीने ही गावकी सोडली. त्याच उन्हाळ्यात हौसरावांचा बैल मेला. तो अंगणात फुगून पडला, पण इकडून कुणी गेलं नाही. गावाने दळण बंद केलं, शेतातून जायची वाट बंद केली. माणसं लांबच्या गावी पीठ आणायला गेली, अर्धपोटी राहिली, पण दोर पुन्हा कुणी हातात धरला नाही. तेव्हा वस्तीच्या बैठकीत कोंडिबा उभा राहिला होता. बोलायची सवय नव्हती. तरी तो म्हणाला होता, "माझ्या घरातलं कुणी बी त्या दारातनं आत जायाचं न्हाई."

आयुष्यात त्याला मिरवावीशी वाटणारी तेवढी एकच गोष्ट होती. मग सून आली, आणि दोन झाल्या. आज त्या दोन्ही एकमेकींसमोर उभ्या होत्या.

"मामंजी, ती मेली न्हाई," चांगुणा म्हणाली. "आडलीया."

"दार त्येच हाय."

"शेळीला काय ठाव दार कुठलं त्ये?"

कोंडिबाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो खंडूकडे वळला.

"आप्पाला सांग, शेळी हितं आण म्हणावं. हितं बघंल ती."

खंडूला हसू आलं, मग त्याच्या लक्षात आलं की म्हातारा थट्टा करत नाहीये. "आवो आबा, आप्पा कवा ओढा वलांडून आल्यात का ह्या अंगाला? मतं मागायला बी दुसऱ्याला धाडत्यात ते."

"मग ऱ्हाऊ दे शेळी तितंच."

खंडू मग सायकल वळवून ओढ्याकडे निघून गेला.

चांगुणा ओट्याच्या कडेला टेकली, हात गुडघ्यांवर पालथे न ठेवता तसेच समोर धरून.

"पूस की हात," कोंडिबा म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या वल्लं. लागत्याल."

"येत न्हाई तो."

"न्हाई आला तर न्हाई."

कोंडिबाने चंची उघडली. तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि मळू लागला. हौसराव येणार नाही, म्हणूनच तर त्याने असं सांगितलं होतं. असा निरोप दिला की विषय संपेल आणि दोष आपल्याकडे येणार नाही. हे सुनेला कळलंय की काय, असं वाटून तो अधिकच जोराने मळू लागला. तंबाखूची पूड झाली, बोटांच्या फटीतून गळायला लागली, तरी ती तोंडात टाकायचं त्याला सुचलं नाही.

"ही शेळी पहिलारू हाय का गं?" त्याने मध्येच विचारलं.

"मला काय ठावं. मी कुठं बघितलीया."

ऊन ओट्यावर चढलं. मग ओढ्याकडून पोरांचा गलका ऐकू आला.

कोंडिबाने कपाळावर हात धरून पाहिलं. पलीकडच्या काठावर माणसं जमली होती आणि त्यांच्यातून वाट काढत एक बाज खाली उतरत होती. मागचं टोक खंडूने धरलं होतं. पुढचं हौसरावांनी. डोक्याला पटका नव्हता. त्याची घडी करून त्यांनी ती बाजेच्या गाताखाली, कडेच्या लाकडाखाली, खांद्यावर घेतली होती. बाजेवर गोधडी आणि गोधडीवर तांबडी शेळी, कुशीवर पडलेली. साठीच्या घरातला, अंगाने जाड असा तो माणूस धोतर गुडघ्यापर्यंत भिजवत, दगड चाचपत ओढा ओलांडत होता. त्याच्यामागून पाण्यात कुणी उतरलं नाही. गाव त्या काठावरच थांबलं.

बसूनच बोलायचं, असं कोंडिबाने ठरवलं होतं. पण चढणीला खंडूचा पाय घसरला, बाज एका अंगाला कलली आणि शेळी ओरडली. कोंडिबा कधी उठला, कधी धावला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने गात धरला. तिघांनी मिळून बाज अंगणात आणून टेकवली आणि शेळी गोधडीसकट खाली घेतली.

हौसरावांना धाप लागली होती.

"कोंडिबा, शेळी आणलीया," ते म्हणाले.

"व्हय," कोंडिबा म्हणाला.

 चांगुणा तोवर शेळीपाशी गुडघे टेकून बसली होती.

"आप्पा, खाली बसा. डोकं धरा तिचं. खंडूभाऊ, मागचा पाय वर उचला. मामंजी, गोडंतेल."

हौसराव जमिनीवर बसले आणि त्यांनी शेळीचं डोकं मांडीवर घेतलं. चांगुणाने मनगटापर्यंत तेल चोळलं आणि हात आत घातला. डोळे मिटून ती बोटांनी पाहू लागली.

"दुसरा पाय माघारी दुमडलाय," ती म्हणाली. "मान बी वळलीया."

बराच वेळ तिने पाय आणि मान सरळ करण्यात घालवला. शेळीला कळ आली की ती थांबे, कळ ओसरली की बोटं पुढे सारी. तिच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता; कोंडिबाने न सांगता तो खांद्यावरच्या पंच्याने टिपला. मग एका मोठ्या कळेबरोबर तिने खाली ओढलं आणि करडू बाहेर आलं.

मोठं, अंगाने भरलेलं करडू होतं. जीभ निळी पडून बाहेर लोंबत होती. चांगुणाने त्याचं तोंड साफ केलं, चोळलं, मागचे पाय धरून एकदा झोका दिला. मग गोणपाटावर बाजूला ठेवलं.

"कवाचं?" कोंडिबाने हळूच विचारलं.

"आडलं तवाच गेलं असंल," ती म्हणाली. हे बोलताना तिने वर पाहिलं नाही. कोंडिबा तिचा चेहरा शोधत राहिला. पण तिचा हात पुन्हा आत गेला होता.

"अजून एक हाय," ती म्हणाली.

दुसरं सहज आलं. पहिल्याच्या निम्म्याएवढं, काटकुळं, पिवळसर चिकट्याने माखलेलं. श्वास नव्हता. चांगुणाने त्याच्या नाकाला तोंड लावून घाण ओढून थुंकली, बरगड्या चोळल्या, पुन्हा हलकेच फुंकर घातली.  ओढ्याच्या त्या काठावरचा गलकाही थांबला होता. करडाची एक बरगडी उचलली, मग दुसरी, आणि मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला.

"पाट हाय, आप्पा. मादी," चांगुणा म्हणाली.

हौसरावांनी मान हलवली. 

तिने दोऱ्याने नाळ बांधली, वरचं कापून डॉक्टरांकडून आणलेल्या तांबड्या औषधात बुडवली. करडाच्या अंगावरचा चिकटा बोटाने पुसून शेळीच्या तोंडाला लावला. "वास बसू दे. न्हाईतर आई वळखायची न्हाई." मग करंगळी करडाच्या तोंडात घालून पाहिली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"तोंड गार पडलंय. असल्याला पाजलं तर पोटात तसंच ऱ्हातंय. आदी ऊब पायजे. मामंजी, पैरण सोडा."

कोंडिबाने पैरणीच्या गुंड्या सोडल्या आणि उन्हात बाजेला टेकून बसला. तिने करडू त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून घोंगडं गुंडाळलं. ओलं, गार, हाडांचं गाठोडं त्याच्या काळजापाशी थरथरत होतं. त्याने दोन्ही हातांनी ते आवळून धरलं.

चांगुणाने वाटीत चीक काढायला घेतला. पिवळा, मधासारखा दाट. हौसराव घुटमळले.

"आमच्यात शेळीची वार पडल्याबिगर पाजत न्हाईत," ते म्हणाले. "आन् पहिला चीक म्हसोबाला."

"म्हसोबा थांबतोय, आप्पा," ती म्हणाली. "ही थांबायची न्हाई."

खंडूने तोंड फिरवून हसू लपवलं. हौसरावांनी शेळीच्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाले, "पाज. म्हसोबाला मी सांगतो."

काही वेळाने तिने घोंगड्यात हात घालून पुन्हा करंगळीने पाहिलं. तोंडात ऊब आली होती. कापडाची वात चिकात बुडवून तिने करडाच्या जिभेवर ठेवली. पहिल्यांदा ओघळ गळ्यावरून खाली गेला. दुसऱ्यांदा करडाचा घसा हलला. तिसऱ्यांदा त्याने वात धरली आणि सोडेना. कोंडिबाला ते ओढणं आपल्या छातीवर जाणवत होतं. त्याने हौसरावांकडे पाहिलं. ती नजर लपवावी असं त्याला वाटलं नाही. ही माझी सून, असं तोंडाने म्हणायची गरजच उरली नव्हती.

"आज शेळी हितंच ऱ्हाऊ द्या," चांगुणा म्हणाली. "वार पडली की बघू. उद्याच्याला सांजचं न्या. पोराला लगीच चीक देऊ नका, दूध हुस्तवर थांबा."

"चालवत नेऊ का बाजेवर?"

"चालंल ती. माणसापरीस चिवट असत्यात."

आता करण्यासारखं एकच उरलं होतं आणि ते गोणपाटावर पडलं होतं. माशा बसायला लागल्या होत्या.

खंडूने त्याच्याकडे पाहिलं आणि मग कोंडिबाकडे पाहिलं. त्यात वाईट काही नव्हतं. पाण्याचा हंडा दिसला की नजर बाईकडे जावी, तशी त्याची नजर गेली. पलीकडच्या काठावरच्या माणसांच्या माना वर झाल्या होत्या. कोंडिबाला हे सगळं दिसलं. आणि त्याच वेळी सकाळची ती वेळ आठवली, सायकल वळवून खंडू गेला ती, आणि ओले हात समोर धरून बसलेली चांगुणा. आडलं तवाच गेलं असंल. असंल. त्याचा एक तळहात जमिनीवर टेकला, गुडघा वर आला.

"मामंजी, उठू नका," चांगुणा म्हणाली. ती पाठमोरी होती, शेळीचं अंग पुसत होती. "करडाचं अंग गार पडंल."

कोंडिबा पुन्हा बाजेला टेकला.

खंडू पुढे झाला, तेव्हा हौसराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे." त्यांनी बाजेवरचा आपला पटका उचलला, झटकला, जमिनीवर पसरला आणि मेलेलं करडू त्यात गुंडाळलं. करडाचा एक खूर बाहेर राहिला होता. तो त्यांनी आत घेतला.

"कुदळ हाय का तुमच्यात?"

"कुडाला लावून ठेवलीया," चांगुणा म्हणाली.

ओढ्याच्या अलीकडे बाभळीखाली त्यांनी खणायला सुरुवात केली. जमीन कडक होती. हौसराव घाव घालत ते चुकीच्या जागी पडत, ढेकळं उडून त्यांच्याच नडगीला लागत. खंडूने दोनदा हात पुढे केला, दोनदा त्यांनी मान हलवली. पलीकडच्या काठावर कुणीतरी काहीतरी म्हणालं, त्यावर कुणी हसलं नाही. माणसं एकेक करून निघून जायला लागली.

बऱ्याच वेळाने हौसराव थांबले. कुदळीवर रेलून त्यांनी अंगणाकडे पाहिलं.

"किती खोल लागतं, कोंडिबा?"

कोंडिबाने खड्ड्याकडे पाहिलं. वीतभर झाला होता.

"गुडघाभर तरी पायजे," तो म्हणाला. "न्हाईतर कुत्री उकरत्यात. आन् माती लोटली का वर बाभळीचं काटं टाका."

हौसरावांनी मान डोलावली आणि पुन्हा कुदळ उचलली.

घोंगड्यात करडू केव्हाचं कोरडं झालं होतं. त्याच्या अंगाची ऊब आता कोंडिबाच्या अंगात उतरत होती. करडाने एकदा त्याच्या बरगडीला ढुशी दिली, कुठेतरी आचळ असेल म्हणून पैरणीच्या काठाला लुचून पाहिलं, मग पाय ताणले. बाजेपाशी शेळी पुढच्या गुडघ्यांवर उठली आणि घोगऱ्या आवाजात ओरडली. चांगुणा शेळीपुढे पाला टाकत होती. टाकलेला पाला तिने उचलला आणि परत नीट टाकला. बाभळीखालून कुदळीचा आवाज येत होता. मग तो थांबला, माती लोटल्याचा आवाज आला आणि शेवटी काटे ओढल्याचा.

तेव्हा ती सासऱ्यासमोर येऊन वाकली.

"आणा आता," ती म्हणाली.

कोंडिबाने घोंगडं बाजूला केलं. करडाचे कान ताठ झाले होते.

"कवाच ऊब आलीया हिला," तो हळू आवाजात म्हणाला.

"ठावं हाय मला," चांगुणा म्हणाली, आणि करडू उचलून तिने आईच्या कासेला लावलं.